बेचाळिसावा पाणवठा

एका जंगलात एक नदी होती. म्हणजे दहा महिने होती. उरलेले दोन महिने तिथे नुसती वाळू असायची आणि वाळूत आदल्या दिवशीची पावलं.

बाळांनो, नीट बसा. तुमच्यातले काही पन्नाशी ओलांडलेले आहेत आणि काहींच्या खिशाला दोन-दोन पेनं लावलेली आहेत, हे मला दिसतंय. तरी गोष्ट ऐकताना सगळे बाळच. मांडी घाला आणि मध्ये शहाणपणा सांगू नका.

तर त्या नदीचं नाव खडकी. होळी झाली की तिची धार बारीक व्हायची. पाडव्याला तिची डबकी व्हायची. वैशाख लागला की डबकीही जायची. मग जंगलात एकच पाणी उरायचं, ते वाळूच्या पोटातलं. वरून दिसायचं नाही. ते कुठे आहे हे एकाच नाकाला कळायचं, आणि ते नाक ठकूआत्याचं होतं.

ठकूआत्या म्हणजे रानडुकरीण. वय झालेलं, एक कान फाटका, तोंड फटकळ. आत्या कुणाची म्हणाल तर सगळ्यांची. वाघसुद्धा तिला आत्याच म्हणायचा, जरा लांबून.

वैशाखाच्या पहिल्या सकाळी सगळं जंगल नदीत उतरायचं. आत्या पुढे, नाक वाळूला लावून. बाकीचे तिच्या मागे रांगेने. कुणी तिच्या पुढे जायचं नाही आणि कुणी बोलायचं नाही. बोलण्याने वास हलतो, असं तिचं म्हणणं. हलतो की नाही देव जाणे, पण त्या निमित्ताने वानरं वर्षातून एक सकाळ गप्प बसायची.

मध्येच आत्या थांबायची. मुसंडी मारून उकरायला लागायची. हात-दीड हात खाली वाळू काळी व्हायची, मग ओली, आणि बघता बघता खड्ड्यात पाणी जमायचं. त्याला झिरा म्हणतात. पहिला घोट गाभणीचा. मग लेकुरवाळीचा, मग म्हाताऱ्यांचा, मग उरलेल्यांचा. सगळ्यात शेवटी आत्या प्यायची.

आणि हे लक्षात ठेवा, कारण पुढे लागणार आहे. झिरा दर वर्षी वेगळ्या जागी निघायचा. पावसाळ्यात पूर यायचा, इकडची वाळू तिकडे न्यायचा, आणि आतलं पाणी आपली जागा बदलायचं. एका वर्षी जांभळीखाली, एका वर्षी वळणावर. पुढच्या वर्षी कुठे, ते पुढच्या वर्षी. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहायचं कुणाला सुचलंच नाही, कारण सगळे प्यायच्या घाईत असायचे.

आता त्या जंगलातल्या तळ्यावर दर कार्तिकात करकोचे यायचे. डोंगरांच्या पलीकडून, फार लांबच्या देशातून. अंगात राखाडी कोट, मान काळी, कानामागे पांढरे तुरे. बोलणं हळू आणि चालणं जपून. चार महिने राहायचे आणि फाल्गुनात, ऊन तापायच्या आत, परत जायचे. पाहुणे चांगले होते. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

पण एका कार्तिकात ते येताना विद्यापीठ घेऊन आले.

त्याचं नाव होतं आंतरराष्ट्रीय भौगोलिक माहिती आणि स्थलविषयक माहिती पायाभूत सुविधा प्रशिक्षण विद्यापीठ. नाव पूर्ण होईपर्यंत पुढच्या रांगेतला ससा झोपला होता.

विद्यापीठाचे मुख्य होते करकोचा सर. फार शिकलेले. त्यांनी सभा बोलावली आणि समजावून सांगितलं. मुंग्यांना माती ठाऊक आहे, वटवाघळांना गुहा ठाऊक आहेत, घारीला वरून सगळं रान दिसतं. पण मुंगीचं घारीला माहीत नाही आणि घारीचं वटवाघळाला. प्रत्येक जण आपलं ज्ञान आपल्याच बिळात घेऊन बसलाय. हे सगळं एका जागी आणलं, एका मापात बसवलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं, तर कुणाचं अडणार नाही. आणि हे कसं करायचं ते आम्ही तुम्हाला शिकवू.

बाळांनो, खरं तेच सांगायचं तर यात वाईट काही नव्हतं. सर मनापासून बोलत होते. म्हणून तर पुढचं सगळं झालं. लबाड असते तर आत्याने पहिल्याच दिवशी पळवून लावले असते.

जंगलाचा पाटील होता सर्जेराव गवा. अंगाने डोंगर आणि सहीला हौशी. त्याने एकच विचारलं, की शेजारच्या जंगलात हे आलंय का. अजून नाही, असं सर म्हणाले. मग घेऊन टाकू, असं पाटील म्हणाला.

बारा जणांची निवड झाली. त्यात पहिला नंबर दामू साळिंदराचा. त्याच्या पाठीवरच शंभर लेखण्या होत्या, आणि अक्षर असं, की वाचणाऱ्याने मजकूर सोडून अक्षरच बघत बसावं. दामूची आई तो लहान असतानाच गेली. त्याचं बीळ आत्याच्या करवंदीच्या जाळीला लागून. आत्यानेच त्याला वाढवला, रागावून रागावून. वैशाखात रांगेत तिच्या पाठोपाठ पहिला तोच असायचा.

वर्ग सुरू झाला.

सरांनी सरावासाठी जे काही आणलं होतं, ते सगळं त्यांच्या देशातलं. तिकडे जंगल नाही. तिकडे एक मोठं तळं आहे आणि ते थंडीत गोठतं. मग बारा जण त्या तळ्यावर तुटून पडले. त्याचा कुठला काठ आधी गोठतो, कुठे बर्फ चोचीएवढा जाड होतो आणि कुठे पायाएवढा, कुठून चालत पलीकडे जाता येतं, सगळं तोंडपाठ. दामू ते तळं डोळे मिटून काढायचा. त्याचं स्वतःचं बीळ कुठे आहे असं कुणी विचारलं, तर मात्र तो म्हणायचा, कुठल्या मापाच्या नकाशावर?

मग थर शिकवले. पाण्याचा थर, झाडांचा थर, वाटांचा थर, एकावर एक ठेवायचे. मग माहितीची माहिती शिकवली. म्हणजे माहिती कुणी घेतली, कधी घेतली, कुठल्या लेखणीने घेतली. एका वानराने एका आंब्याच्या झाडाबद्दल माहितीची माहिती तीन पानं भरून लिहिली. झाड कुठे आहे तेवढं लिहायचं राहिलं. त्याला शंभरपैकी ब्याण्णव मिळाले.

आणि मग तो धडा आला. बारमाही पाणी कशाला म्हणायचं?

सरांनी सांगितलं, ऐन थंडीत जागेवर जाऊन बघायचं. पाणी गोठलेलं नसेल तर ते बारमाही. एवढंच प्रमाण.

सरांचं चुकलं नव्हतं. त्यांच्या देशात पाणी आटत नाही, गोठतं. तिकडे तहानेने जीव जातो तो बर्फावर उभं राहून जातो. तिथे थंडीत जे पाणी वाहतं राहिलं, ते वर्षभर राहिलंच. शेकडो वर्षं करकोच्यांचं हे प्रमाण कधी फसलं नव्हतं. म्हणून ते जगभर लागू केलं होतं.

दामूच्या मनात काहीतरी खटकलं. पण परीक्षेत या प्रश्नाला दहा गुण होते. त्याने लिहून घेतलं.

पौषात बारा जण जंगलभर फिरले. पौषात आपल्याकडे पाणी कुठे नसतं? नदी वाहत होती, ओहोळ वाहत होते, खडकांच्या खाचांत पाणी होतं. पाटलाच्या पायाने पडलेला एक मोठा खड्डा होता, त्यातही होतं. प्रत्येक ठिकाणी दामू वाकायचा, पाय घालायचा आणि लिहायचा, बर्फ नाही, सबब बारमाही. असे एक्केचाळीस पाणवठे झाले. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बारमाही.

यादी बघून सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे चाळिसात तीन निघतात, असं ते म्हणाले. तुमचं जंगल किती भाग्यवान आहे, तुम्हाला कल्पना नाही.

कल्पना खरंच नव्हती.

शेवटी राहिली होती ठकूआत्या. तिच्याकडची माहिती घ्यायला दामू पळसाची पानं घेऊन तिच्या जाळीपाशी आला. कालपर्यंत तो तिला अगं आत्या म्हणायचा. आज उभ्यानेच म्हणाला, "आपण या जंगलातल्या ज्येष्ठ माहितीधारक आहात."

"मी तुझी आत्या आहे," ती म्हणाली. "बस खाली."

तो बसला. झिऱ्याची नेमकी जागा कुठली, असं त्याने विचारलं. आत्याने सांगितलं, यंदाची जागा वैशाखात कळेल. आत्ता तिथे काय आहे, असं त्याने विचारलं. आत्ता तिथे नदी आहे, असं ती म्हणाली, तुझ्या पाठीमागेच वाहतेय, मान वळव. दामू म्हणाला, जागा बदलते असं लिहायला यात रकाना नाही.

"मग रकाना कर."

"रकाने तिकडून येतात, आत्या."

मग त्याने पुढचा प्रश्न वाचला. "तो गोठतो का?"

"कोण?"

"झिरा."

 आत्याने उठून त्याच्या कपाळाला नाक लावून बघितलं. ताप नव्हता.

पाणी कुठल्या साधनाने शोधता, असं एक विचारायचं राहिलं होतं. नाकाने, ती म्हणाली. दामूने यादी चाळली. साधनांत नाक नव्हतं. त्याने पानावर काहीतरी लिहिलं आणि पान मिटलं. काय लिहिलंस, असं आत्याने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. तू सांगितलंस ते सगळं, असं तो म्हणाला.

काय लिहिलं होतं ते आत्ता सांगत नाही. कळेल.

माघात नकाशा झाला. नदीकाठच्या मोठ्या कातळावर तो काढला. गोकर्णाच्या फुलांच्या रसाने एक्केचाळीस निळे ठिपके दिले. दिसायला देखणा, हे कबूल करायला पाहिजे. समारंभ झाला. बारा जणांना प्रमाणपत्रं मिळाली. दामूने आपलं बिळाच्या तोंडावर बाभळीच्या काट्याला अडकवलं, येताजाता डोक्याला लागेल असं.

पाटलाने भाषण केलं आणि हुकूम काढला. नकाशा अंतिम आहे. एक्केचाळीस बारमाही पाणवठे असलेल्या जंगलाने एका डुकरिणीच्या मागे रांगेने फिरणं शोभत नाही, ते यापुढे बंद. प्रत्येक कुटुंबाला एक पाणवठा नेमून दिला जाईल. आणि वाळू उकरायला बंदी. उकरलं की जमीन बदलते, जमीन बदलली की नकाशा चुकतो, आणि नकाशा चुकलेला चालणार नाही.

आत्या मागे उभी होती. ती म्हणाली, "बरं."

पूर्वी ठकूआत्या बरं म्हणाली की सगळे दोन पावलं मागे सरायचे. या वेळी कुणी सरलं नाही. सगळे नकाशा बघत होते.

फाल्गुनात करकोचे उडाले. होळी झाली, पाडवा झाला, चैत्र गेला. वैशाख लागला.

आता शेवंताबद्दल सांगते. शेवंता सांबरीण, गरीब स्वभावाची, गाभण होती, दिवस भरत आले होते. आधीची दोन पोटातच गेली होती, दोन्ही भर उन्हाळ्यात. म्हणून हे तिसरं ती श्वाससुद्धा जपून घेत वाढवत होती. तिच्या वाट्याला पाणवठा आला होता नंबर नऊ.

नऊवर गेली तर नऊ कोरडा. दामू पाहणीवर होता, तो तिथेच भेटला. त्याने यादी बघितली. नोंद बरोबर आहे, म्हणाला, तुम्ही दहावर चला. दहाला पालापाचोळा होता. अकरा म्हणजे पाटलाच्या पायाचा तो खड्डा. त्यात एक सरडा ऊन खात बसला होता. तो म्हणाला, मी इथे कायमचा राहतो.

शेवंता चालत राहिली. तिच्या मागे आणखी कळप जमले, जिथे तिथे कोरडं बघून आलेले. सगळे दामूच्या मागे. तेही रांगेने. बारा, चौदा, सतरा. प्रत्येक ठिकाणी दामू काहीतरी समजावून सांगायचा. पाणी नाही हे खरं आहे, पण ते नोंदीत आहे. नोंदीत आहे म्हणजे मुळात आहे. तात्पुरतं दिसत नाही एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेविसाव्या ठिपक्यावर शेवंता बसली. खाली चिखल वाळून त्याच्या खापऱ्या झाल्या होत्या. त्या खापऱ्यांवर तिने मान टाकली. पोटातलं हलायचं थांबलंय की काय, एवढंच ती ऐकत होती.

दामू म्हणाला, वहिनी, उठा. चोवीस नंबर आठशे पावलांवर आहे.

शेवंता कधी कुणाला उलटून बोलली नव्हती. आताही तिने आवाज चढवला नाही.

"दामूभावजी, चोविसावर पाणी आहे का, तेवढं सांगा. नकाशावर नको. तिथं."

दामूने तोंड उघडलं. आणि बाळांनो, त्याच्या लक्षात आलं की त्याला माहीत नाही. शंभर लेखण्या, एक प्रमाणपत्र, एक्केचाळीस ठिपके, आणि पाणी कुठे आहे ते त्याला माहीत नाही. मागच्या वैशाखापर्यंत माहीत होतं. आत्याच्या मागे आहे, एवढं तरी माहीत होतं.

तो पळत सुटला. साळिंदराला पळताना बघितलंय का तुम्ही? नसेल. लेखण्यांचा खळखळाट होतो.

आत्या जाळीत आडवी पडली होती. उकरायला बंदी होती आणि तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती न बोलावता जाणाऱ्यांतली नव्हती.

"आत्या, तू चल," दामू म्हणाला.

तिने डोळे उघडले नाहीत. "माहिती उपलब्ध नाही. माहितीधारक सहकार्य करत नाहीत."

दामू जागच्या जागी थिजला. पौषात पळसाच्या पानावर त्याने लिहिलं होतं ते हेच, अक्षर न अक्षर.

"पोपटाने वाचून दाखवलं," आत्या म्हणाली. "अक्षर सुंदर आहे म्हणाला."

दामूला माफी मागायची होती. ती कशी मागायची हे शिकवलेलं नव्हतं. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "शेवंता बसलीय."

आत्या उठून उभी राहिली. वाक्य पुरं व्हायच्या आत ती दहा पावलं गेली होती. जाता जाता म्हणाली, "हे आधी सांगायचं, गाढवा. माझं-तुझं नंतर बघू."

नदीच्या काठावर सर्जेराव पाटील उभा होता, बंदीच्या पाटीशेजारी. दोन दिवस तोही प्यायला नव्हता. त्याच्या नाकपुड्या पांढऱ्या पडल्या होत्या. आत्या त्याच्या समोरून वाळूत उतरली. तो वळला आणि एका ऐनाच्या झाडाची साल फार बारकाईने बघायला लागला.

आत्या नाक लावून चालली. ऊन तापलं होतं आणि तिला उशीर झाला होता. एका जागी थांबली, उकरलं. हात झाला, दीड हात झाला, वाळू कोरडीच.  तिच्या आयुष्यात पहिला खड्डा कधी रिकामा गेला नव्हता. तिने दामूकडे बघितलं.

"इकडे ये. नाक लाव."

दामूने लावलं. काहीच कळत नाही, असं तो म्हणाला.

"तोंड मिट म्हणजे कळेल."

त्याने तोंड मिटलं. दोघं शेजारी शेजारी, नाक वाळूत घालून, वळणापर्यंत गेली. तिथे दामू थबकला. त्याला खात्री नव्हती. दूर कुठेतरी तापल्या भांड्याला कुणी ओला हात लावावा तसा काहीतरी वास होता. आत्याही तिथेच थांबली होती. तिने मुसंडी मारली.

हातभर खाली वाळू काळी झाली. मग ओली झाली. मग पाणी आलं, वाटीभर, मग परातभर.

शेवंताला चालवत नव्हतं. तेव्हा सर्जेराव पाटील तेविसावर गेला, कपाळाने टेकू देत देत तिला वाळूत घेऊन आला. त्या वर्षातलं एवढं एकच काम त्याने कागद न करता केलं. पहिला घोट शेवंताने घेतला. ती कितीतरी वेळ पीत होती, आणि एवढं जंगल तहानलेलं उभं असून कुणी घसा खाकरला नाही. शेवटचा घोट आत्याचा. शेवटून दुसरा दामूचा.

तिसऱ्या दिवशी शेवंताला पाडस झालं. पाय लटपटत होते, पण उभं राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, झाली गोष्ट. करवंदं खा आणि घरी जा. नाही. अजून कार्तिक यायचाय.

पावसाळा झाला, पूर आला, वाळू हलली. कार्तिकात करकोचे परत आले. जंगलात जिकडे तिकडे पाणी खळाळत होतं. दामूने खरा अहवाल लिहिला. एक्केचाळीस पाणवठे नेमले, एक्केचाळीस कोरडे निघाले, ठकूआत्याच्या झिऱ्याने जंगल वाचलं. सरांनी तो दोनदा वाचला. त्यांना मनापासून वाईट वाटलं. ते स्वतः दामूला घेऊन एक्केचाळीस ठिकाणी गेले. प्रत्येक ठिकाणी पाणी होतं. प्रत्येक ठिकाणी सरांनी पाय घालून बघितला.

"गोठलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर. आटलं होतं."

सर थांबले. आटणं हा प्रकार त्यांच्या यादीत नव्हता. दामूने विनंती केली की एक रकाना वाढवा, त्यात लिहा, जागा दर वर्षी बदलते, दर वर्षी आत्याला विचारा. सरांना ते आवडलं. त्यांनी ते समितीपुढे ठेवायचं कबूल केलं. समिती उन्हाळ्यात भरते, म्हणाले. तिकडे.

तोवर काय करता येईल? विद्यापीठाने बराच विचार केला आणि आत्याच्या ज्ञानाचा मान ठेवायचा ठरवला. वळणावर, जिथे तिने उकरलं होतं, नेमकं त्याच जागी खांब रोवला. नकाशावर बेचाळिसावा ठिपका आला, बाकीच्यांपेक्षा मोठा. पाटीवर लिहिलं, ठकूआत्या स्मृती झिरा, बारमाही. आत्या समोर उभी होती, धडधाकट. पण नावाच्या नमुन्यात स्मृती हा शब्द आधीच छापलेला होता.

सर आत्याला भेटायला आले. पुढच्या वर्गात आपण एक व्याख्यान द्यावं, अशी त्यांनी विनंती केली. आत्याने विचारलं, कधी? मार्गशीर्षात, असं ते म्हणाले. मार्गशीर्षात मी काय दाखवू, ती म्हणाली, वैशाखात या. सर म्हणाले, वैशाखात आमची पिल्लं होतात. तिकडे.

आत्या हे ऐकून जरा मऊ झाली. पिल्लांची गोष्ट तिला कळत होती.

"मग पिल्लं सांभाळा, सर," ती म्हणाली. "चांगली सांभाळा. पण मग आमच्या वैशाखाबद्दल बोलू नका."

सरांनी हे लिहून घेतलं. त्याची माहितीची माहितीही लिहिली.

फाल्गुनात करकोचे उडाले. पुन्हा वैशाख आला.

पहिल्या सकाळी ठकूआत्या वाळूत उतरली. मागे दामू, नाक खाली. त्याच्या मागे शेवंता आणि तिचं पाडस, आता चांगलं तरतरीत. आणि त्यांच्या मागे कुणीच नाही.

सगळं जंगल वळणावर होतं. बेचाळिसाव्या पाणवठ्यावर, खांबाला धरून रांग लागली होती. पुढे पाटील, मग वानरं, मग बाकीचे, नंबराप्रमाणे. पावसाळ्यातल्या पुरानेच तिथली सगळी वाळू वाहून नेली होती, पण कार्तिकात वर पाणी असल्याने ते कुणाला दिसलं नव्हतं. खाली नुसता कातळ उघडा पडला होता. त्याच्यावर खांब तेवढा उभा होता.

दोनशे पावलं पुढे आत्याने मुसंडी मारली. वाळू काळी झाली, ओली झाली. पाडसाने पहिल्यांदा झिऱ्याचं पाणी चाखलं आणि नाक फेंदारलं. आत्याने रांगेला हाक मारली, की या, लागलं.

रांगेतून सर्जेराव पाटील आदराने म्हणाला, "आत्या, तुमचा झिरा इथे आहे. तुम्ही चुकीच्या जागी उकरताय."

दामूने आत्याकडे बघितलं. ती रागवेल असं त्याला वाटलं. ती हसत होती. इतकी, की फाटका कान हलत होता.

"राहू दे त्यांना," ती म्हणाली. "तहान त्यांना घेऊन येईल. तिला रकाना लागत नाही."

दुपारपर्यंत रांग निम्मी झाली. उन्हं कलताना पाटील आला, जमिनीकडे बघत. आत्याने त्याला काही विचारलं नाही. म्हाताऱ्यांनंतर तुझा नंबर, एवढंच म्हणाली. सगळे पिऊन झाल्यावर शेवटचा घोट तिने घेतला.

काही जण मात्र खांबापासून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना दामूने आणि पाटलाने ढकलत आणलं. शिस्तीने शेवटपर्यंत उभे राहिले म्हणून पुढच्या कार्तिकात विद्यापीठाने त्यांना प्रमाणपत्रं दिली. ती त्यांनी खांबाला अडकवली आहेत.

तात्पर्य : तहान लागली की आधी नकाशा बघावा. नकाशावर पाणी असेल तर तहान खोटी समजावी. पाणी दुसरीकडे निघालं तर पाणी चुकलं समजावं. आणि बाळांनो, तहान लागायचीच असेल तर ती कार्तिकात लागू द्यावी, कारण वैशाखात तपासायला कुणी नसतं.